उभ्या पायाचं माप

वहिनींनी कापडी पिशवीतून गुडघ्याचा पट्टा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"घ्या तुमचं लेकरू," त्या म्हणाल्या. "मांडीवर म्हणून राहत नाही. वर घेतलं की निघालं खाली."

त्या हसल्या, म्हणून मीही हसले. त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा दीर मात्र हसला नाही. तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

तो पट्टा मीच मापून करून घेतला होता, आणि तो परत येण्याची ही काही पहिली खेप नव्हती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून आमची खोली आहे. मानेचे, कमरेचे, गुडघ्याचे पट्टे, चालायच्या काठ्या, मोडलेल्या हातांच्या झोळ्या. भिंतीला मोठा आरसा, त्याच्यासमोर धरून चालायला दोन लोखंडी कठडे. माप मी घेते, मागच्या वर्कशॉपमधले काका वस्तू तयार करतात आणि बसवून द्यायला पुन्हा मी. काही बिघडलं की शिव्या खायलाही मीच, कारण काका दाराआड असतात आणि मी दारात.

वहिनी म्हणजे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या मुख्य कटर. कारखाना सासरचा. त्यांचे यजमान गेल्यापासून दीर तो चालवतो, कापड मात्र वहिनीच कापतात. दीर त्यांना वहिनी म्हणतो, शिवणाऱ्या बायका वहिनी म्हणतात, तशी मीही म्हणायला लागले. अंगानं त्या चांगल्याच जड. त्यावर दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत त्या स्वतःच बोलून मोकळ्या होतात. पहिल्या दिवशी माझ्या तपासणीच्या पलंगाकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "याला आधी विचारलंत का, की झेपेल का बाबा?"

उजव्या गुडघ्याची आतली बाजू झिजली होती. त्यावर जो पट्टा देतात त्याला दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या असतात, मधे बिजागरी असते. ती बिजागरी बरोबर गुडघ्यासमोर राहिली तर ती गुडघ्याबरोबर वाकते आणि झिजलेल्या बाजूवरचा भार थोडा उचलते. चार बोटं खाली सरकली की तिचा काही उपयोग नाही. उपयोग नाही एवढंच नव्हे, चालताना तीच आडवी येते.

"ताई, तुमच्यासमोरच सांगतो," दीर म्हणाला. "म्हणजे नंतर मी बोललोच नाही असं व्हायला नको. परवा हा पट्टा घसरला तेव्हा कापायची मशीन चालू होती. पाय दुमडला आणि वहिनी टेबलावर पडल्या. बाह्यांची अख्खी थप्पी आडवी कापली गेली. ते जाऊ द्या. हात थोडक्यात वाचला."

"वाचला ना?" वहिनी म्हणाल्या.

"या वेळी वाचला. शाळांची मोठी ऑर्डर लागायच्या आत पट्टा जागेवर राहायला लागला तर मशीन तुमची. नाही राहिला तर मी नवा कटर बघून ठेवलाय. तुम्ही खुर्चीवर बसून बटणं बघा."

"बटणं." वहिनींनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. "भाऊजी, मी कटिंगला उभी राहिले तेव्हा तुम्ही त्याच टेबलाखाली गोट्या खेळत होतात."

"खेळत होतो. म्हणूनच सांगतोय."

वहिनींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. दीर गाडी काढायला गेला तेव्हा त्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं, "ताई, होईल ना हो नीट? बटणांवर बसले की मी संपले. मला बसून काही येत नाही. फक्त खाणं येतं."

पुन्हा हसल्या. या वेळी मला हसू आलं नाही.

त्या पट्ट्यासाठी आम्ही काय केलं नव्हतं? कंपनीच्या आकारांच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यावर 'अतिमोठा' लिहिलेलं असतं आणि तिथं पान संपतं, म्हणून आधीपासूनच काकांकडून खास करवून घेतला होता. घसरला, म्हणून आतून रबराची चिकट पट्टी लावली. पुन्हा घसरला, म्हणून मांडीवर एक बंद वाढवला. मग बंद आवळले. मग आणखी आवळले. गुडघ्यामागच्या वळीत कातडी सोलवटली, तिथं मऊ कापड लावलं. प्रत्येक वेळी माझ्या खोलीत कठड्यांमधून चालताना तो नीट राहायचा. वहिनी आरशासमोर दोन फेऱ्या मारायच्या, मी समाधानानं मान हलवायची आणि घरी गेल्या की आठवड्याच्या आत पिशवी हजर.

मी काकांकडे गेले. काका भुसा झटकत म्हणाले, "तू आणलंस तसं मी बनवलं. आता पाय मापासारखा नसेल तर मी काय करू? पायावर रंधा फिरवू?"

"काका, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? किती वेळा उसवायचं? माझ्याकडे दुसरी कामं नाहीत?"

मी डॉक्टरांकडे गेले. ते फाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "वजन कमी करायला सांगा. वजन उतरलं की पट्टा आपोआप बसेल."

मी म्हटलं, वजन उतरायला चालायला हवं, चालायला गुडघा हवा आणि गुडघ्याला पट्टा हवा. त्यांनी मान डोलावली, अगदी पटल्यासारखी, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. मी दाराबाहेर येऊन उभी राहिले. हातातली टेप मी बोटाभोवती आवळत राहिले. मला राग आला की तो आवाजात येत नाही, हातात येतो.

आवाजात न येण्याचं कारण आहे. रोज सकाळी मी प्रार्थनेला बसते तेव्हा एक वचन देऊन उठते, की आज माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही त्याच्या शरीरावरून लागेल असा शब्द माझ्या तोंडून जाणार नाही. माझ्या कामात हे सोपं नसतं. माणसं लंगडत येतात, वाकडी येतात, सुजलेली येतात आणि मला त्यांना हात लावावा लागतो. म्हणून जड बायका आल्या की मी जास्तच सांभाळून वागायची. नियमाप्रमाणे माप उघड्या पायावर घ्यायचं असतं. पण बाई कपडा वर करायला संकोचली की मी म्हणायची, असू द्या, असू द्या, पातळच तर आहे. टेप लावायची आणि आकडा मनात ठेवायची. मोठ्यानं म्हणायची नाही. वळून कागदावर मांडायची. वहिनींचंही माप असंच घेतलं होतं. प्रत्येक वेळी त्या घट्ट काळी लेगिंग घालून यायच्या आणि पलंगावर पाय पसरून छताकडे बघत पडायच्या. त्यांच्या कपाळावर आठी दिसली की मी आणखी भरभर उरकायची.

ऑर्डर लागायला थोडे दिवस राहिले असताना मी ठरवलं, पट्टा माझ्या खोलीत घसरत नाही ना, मग तो जिथं घसरतो तिथंच जाऊन बघायचं. रुग्णालयात हे कुणी करत नाही. मी दुपारची सुट्टी टाकली आणि कारखान्यात गेले.

जिना चढून वर गेलं की शिवणयंत्रांचा आवाज आधी अंगावर येतो, मग कापडाचा वास. खिडकीच्या बाजूला लांबच लांब टेबल. त्यावर निळ्या कापडाचे थरावर थर अंथरलेले, सगळ्यात वर खडूच्या रेषा. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे साचे टांगलेले: बाह्या, कॉलर, खिसे, लहानपासून मोठ्यापर्यंत. टेबलाच्या टोकाला विजेचं कापायचं यंत्र. उभं पातं असलेलं, हातानं पुढे ढकलायचं.

वहिनी यंत्रापाशी नव्हत्या. दाराजवळ एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी वयाच्या मानानं दांडगी, तयार गणवेश तिला होत नव्हता, म्हणून वहिनी तिचं वेगळं माप घेत होत्या. मी बाजूला थांबले.

"श्वास सोड गं," वहिनी मुलीला म्हणत होत्या. "पोट आत ओढून किती वेळ उभी राहणार? बाकावर बसलीस की सोडणारच ना? मग हुक तुटेल आणि नाव माझं जाईल."

मुलीनं श्वास सोडला. वहिनींनी टेप पुन्हा लावली आणि जो काही आकडा आला तो शिवणाऱ्या बाईला खणखणीत आवाजात सांगितला. भाजीचा भाव सांगावा तसा. मुलीनं आजूबाजूला पाहिलं. कुणी वळूनही बघितलं नाही.

"जरा घट्टच ठेवा," आई म्हणाली. "बारीक होणार आहे ती."

"झाली की घेऊन या, मी आत घेऊन देईन. त्याला काय लागतं? पण आज जी आहे तिच्यासाठी शिवते मी. उद्याची अजून आलेली नाही."

त्या माझ्याकडे वळल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा कामाच्या कपड्यांत पाहिलं. सैल सुती पायजमा, वरून लांब कुडता. पायजम्यावर पट्टा बांधलेला, आणि तो आत्ताच चार बोटं उतरलेला. त्याच्या वरच्या काठावरून मांडी बाहेर येऊन चारी बाजूंनी ओसंडली होती. मी ज्या मांडीचं माप घेतलं होतं ती ही नव्हती. एवढा फरक कपड्याच्या जाडीचा असू शकत नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा आत येता?"

आत म्हणजे पडदा लावलेला एक कोपरा, कपडे घालून बघायचा. एक आरसा, एक स्टूल, हँगरची दांडी. मी पडदा ओढला.

"माझ्याकडे येता तेव्हा ती काळी लेगिंग घालता. ती रोजची आहे का?"

त्यांनी कुडता खाली ओढला. मग आरशाकडे बघत म्हणाल्या, "ती खास आहे. दाबून धरणारी."

"आणि आत?"

"आत आणखी एक. त्याहून घट्ट." मांडीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आणि आदल्या रात्री पट्टी गुंडाळून झोपते. मुरगळल्यावर गुंडाळतात ना, लवचीक, तसली. सकाळी सोडते. जरा कमी दिसतं."

मी स्टुलावर बसले. म्हणजे इतके दिवस काका उसवत होते, मी आवळत होते, ते सगळं एका दाबून बसवलेल्या मांडीसाठी. पट्टा सैल होतो म्हणून घसरतो असं धरून आम्ही चाललो होतो. तो सैल कधीच नव्हता. घट्ट होता. मांडी वर रुंद आणि गुडघ्याकडे निमुळती असते. गाजराला वरच्या बाजूला घट्ट रबर लावलं तर ते टोकाकडेच पळणार. जितकं आवळावं तितकं जास्त पळणार. माझ्या खोलीत राहायचा, कारण माझ्या खोलीत त्या रोजच्या वहिनी नसायच्याच.

"अहो, पण का?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुम्हाला कळत नाही असं नाही. आत्ता त्या मुलीला काय सांगितलंत तुम्ही? माझं, काकांचं, सगळ्यांचं काम पाण्यात गेलं. तुमची कातडी सोलवटली. तुमचा हात गेला असता. आणि तुम्ही दर वेळी हसत येऊन सांगता, लेकरू राहत नाही."

त्यांचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, कपडा काढा? 'असू द्या, असू द्या.' टेप लावायची ती अशी, जशी काही गरम तव्याला लावताय. आकडा बघायचा आणि पाठ फिरवायची. मी तीस वर्षं लोकांची मापं घेतेय, ताई. आकडा बघून माणूस कधी गप्प बसतो ते मला कळतं. मला वाटलं, बोलण्यासारखा नसेल. मग पुढच्या वेळी जरा कमी करून आणावा."

"मी तुम्हाला जपत होते."

"जपत होतात. दळणाच्या डब्यालाही कुणी हात लावायच्या आधी विचार करत नाही हो. मला वाटायचं तुम्हाला किळस येते."

हे ऐकून मला काय झालं ते सांगता येत नाही. मी रोज ज्या एका गोष्टीचं वचन देऊन उठते, तेच मी यांच्याशी दर खेपेला मोडत होते, आणि तेही तोंड न उघडता. पडद्यापलीकडे शिवणयंत्रं चालू होती. आमच्या दोघींच्याही हातांत टेप होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"किळस येत नाही," मी म्हटलं. "कधीच आली नाही. पायजमा काढा."

"इथं?"

"इथं. आणि झोपायचं नाही. उभं राहायचं. ज्या पायावर भार देऊन कापता, त्याच पायावर भार द्या."

त्यांनी पायजमा काढला आणि हँगरची दांडी धरून उभ्या राहिल्या. मी खाली बसले. गुडघ्याची वाटी चाचपून मधोमध खडूची खूण केली. तिथून वर टेपनं अंतर मोजलं, तिथं दुसरी खूण. मांडीची आतली बाजू घामानं ओलसर होती, मागच्या वळीत जुने लाल चट्टे. मी हातानं मांस वर उचललं, सोडलं, ते कुठं येऊन थांबतं ते पाहिलं. माझ्या कामात हे सगळ्यात आधी करायचं असतं आणि मी ते इतके दिवस केलं नव्हतं. मग टेप लावली. दाबली नाही. सैलही सोडली नाही.

"एकाहत्तर," मी मोठ्यानं म्हटलं.

वहिनींनी वाकून टेपकडे पाहिलं.

"एकाहत्तर सेंटिमीटर. आधी मी चौसष्ट धरलं होतं."

"बस?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं होतं नव्वद तरी असेल."

"नव्वद कुठून आणणार?"

"आणलं असतं. जरा वेळ दिला असतात तर." आणि मग त्या इतक्या हसल्या की दांडी हलायला लागली आणि मला म्हणावं लागलं, हलू नका, खूण पुसेल.

पिंढरीचं माप घेतलं, गुडघ्याखालच्या खोबणीचं घेतलं. प्रत्येक आकडा म्हटला. शेवटी त्याच मला सांगायला लागल्या, "टेप मागून खाली गेलीय बघा, सरळ धरा."

काकांपुढे आकडे ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा दुसऱ्याच बाईचा पाय आहे."

"त्याच बाईचा आहे. माझं माप चुकलं होतं."

"तुझं?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझं माप चुकत नाही."

"चुकलं, काका."

का चुकलं ते मी सांगितलं नाही. ते आमच्या दोघींमधलं होतं. काकांनी खूप कुरकुर केली. वरचा भाग नव्यानं ओतावा लागणार, मांडीच्या उताराप्रमाणे तिरका, आणि आधीपेक्षा लांब. सगळा भार वरच्या बंदावर न टाकता गुडघ्याखालच्या खोबणीत एक बंद घ्यायचा आणि बांधताना आधी तो बांधायचा. लगेच होणार नाही म्हणाले. साचा सुकायला वेळ लागतो, घाई केली तर तडकतो. मी हात जोडले तरी साचा काही लवकर सुकला नाही.

ऑर्डर आधी लागली. वहिनी बटणांच्या खुर्चीवर बसल्या. ते दिवस मला फोनवरून कळत होते, कारण त्या रोज फोन करायच्या आणि पट्ट्याबद्दल एक वाक्य विचारून पुढे नव्या कटरचा पाढा वाचायच्या. तो थर नीट अंथरत नाही. कोपऱ्यावर यंत्र वळवताना घाई करतो. कॉलरची टोकं दोन्हीकडे वेगळी येतात, मुलं काय एका खांद्यानं शाळेत जाणार आहेत का? "आणि मी बसलेय इथं, ताई, बटणं रंगाप्रमाणे लावत. सगळी पांढरी आहेत."

शेवटी पट्टा आला. त्या पिशवी न घेता आल्या, लेगिंग न घालता आल्या, आणि दाराशीच म्हणाल्या, "आज पोट सोडून आलेय." मी बसवला. आधी खालचा बंद, मग वरचे. कठड्यांमधून चालवलं, जिन्यावरून वर-खाली केलं, वाकवलं, तासभर बाकावर बसवलं आणि पुन्हा चालवलं. बिजागरी जागची हलली नाही. मला मनातून फार बरं वाटलं आणि तेवढीच धास्तीही, कारण बरं मला आधीही वाटलंच होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कारखान्यात गेले. दिरानं एक दिवस बघायचं कबूल केलं होतं; तो टेबलापाशी हाताची घडी घालून उभा होता. शेजारी नवा कटर, त्याचा एक हात यंत्रापासून फार लांब नव्हता. दोघंही वहिनींच्या पायाकडे बघत होते. वहिनी निळ्या थरांमधून यंत्र पुढे नेत होत्या. गळ्याच्या गोलाईवर त्या टाचेवरून चवड्यावर यायच्या, अंग वळवायच्या, पातं आपसूक वळायचं. मला कापडातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की हे काम बसून होण्यातलं नाही.

सकाळ नीट गेली. जेवणं झाली. उकडायला लागलं तसा पायजमा ओलसर झाला. बाह्यांची थप्पी अर्धी कापून झाली होती, आणि वहिनींनी मधेच यंत्र बंद केलं.

"सरकला," त्या म्हणाल्या. हळू नाही, त्या मुलीचं माप सांगितलं होतं तशा आवाजात. दोन-तीन शिवणयंत्रं थांबली.

दिराचा चेहरा पडला. "किती?"

"बोटभर. बिजागरी अजून गुडघ्यावर आहे. पण असंच रेटलं तर तासाभरात खाली येईल." त्यांनी पातं झाकलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. वरचे बंद सोडले, खालचा सोडला, पट्टा वर घेतला, पुन्हा आधी खालचा. मी पुढे झाले तर हातानं थांबवलं. "येतं मला."

नव्या कटरनं यंत्राच्या मुठीवर हात ठेवला. "मी करू का पुढचं?"

दीर वहिनींकडे बघत होता. "मागच्या वेळी," तो त्यांना म्हणाला, "पडेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. कितीदा विचारलं. 'काही नाही, काही नाही.'"

"नव्हते बोलले."

"त्याचीच भीती वाटायची. पट्ट्याची नव्हे."

"मग आता बोलले ना?" त्या चिडून म्हणाल्या. "रोज बोलणार आहे. दिवसातून दोनदा बसावं लागेल, कदाचित तीनदा. मागे कातडीला काचतंय, ते ताईंना अजून नीट करायचंय. हे सगळं असंच चालणार. तुम्हाला सरळ चालणारा कटर हवा असेल तर हा उभाच आहे."

दिरानं मान खाली घातली. मग नव्या कटरला म्हणाला, "हात काढ. तू पुढचे थर अंथर. नीट अंथर, त्या बघतील." आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बिलं चाळायला लागला, म्हणजे निदान तसं दाखवायला लागला.

वहिनी टेबलाचा काठ धरून उठल्या. एकदा पायावर भार देऊन पाहिला. पुन्हा एकदा. मी नकळत वाकून बिजागरीकडे बघत होते.

"ताई, मागून असं वाकून बघू नका," त्या वळून न बघता म्हणाल्या. "हात चुकतो. काही झालं तर सांगेन मी."

त्यांनी पात्यावरचं झाकण काढलं आणि यंत्र सुरू केलं.